माझ्या दात्यांतला भुसा

मी एक जुनी करवत आहे, मित्रांनो. आधीच सांगते, माझी गोष्ट गोड नाही. माझ्या हातून पाइनची एक अख्खी राई मेली.

लोहाराने माझे दाते एकेक करून कानशीने घासले आणि रोपवाटिकेत झाडे छाटणाऱ्या एका गृहस्थांना मला विकले; सगळे त्यांना छाटणीवाले म्हणत. त्यांनी मला तळहाताच्या फोडासारखे जपले. काम संपले की तेलाचा बोळा माझ्या पात्यावरून फिरवल्याशिवाय ते जेवायला बसत नसत. तीस वर्षांत मला गंजाचा ठिपका पडला नाही. छाटणीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कुणी कौतुक केले की ते मलाच थोपटत आणि मी फुशारून जाई.

टेकडीच्या माथ्यावर पाइनची चाळीस झाडे होती. छाटणीवाल्यांनी ती लग्नाच्या वर्षी लावली होती. सगळ्या उतारांवर पेरायचे बी त्या झाडांचेच. पुढे त्यांची मुलगीच रोपवाटिकेची प्रमुख झाली.

एका वर्षी खालच्या उतारावर बुरशी आली. फांद्यांवर जखमा पडत, त्यांतून राळ गळे आणि शेंडे तांबडे होऊन वाळत. मुलीने वडिलांच्या हातात स्पिरिटची बाटली ठेवली.

"बाबा, प्रत्येक झाड झालं की करवत याने पुसायची. बुरशी हत्यारावरून पसरते."

"अगं, स्पिरिटने गंज धरेल ती! मी पुसतो ना तेलाने. मला नको शिकवूस."

"एवढं ऐकाच माझं, बाबा."

"बरं बरं."

बाटली पिशवीतच राहिली. तेलाने बुरशी मरत नाही, मित्रांनो. तेलकट भुसा माझ्या दात्यांत आणखीच घट्ट बसला. तीन दिवस आम्ही आजारी फांद्या कापल्या आणि चौथ्या दिवशी नेहमीच्या छाटणीला माथ्यावरच्या निरोगी झाडांकडे गेलो. चाळीसही झाडांच्या खालच्या फांद्या मी उतरवल्या. मला सगळे कळत होते. पण मला दाते आहेत, तोंड नाही.

दुसऱ्या वर्षी माथा तांबडा झाला. प्रत्येक झाड मी कापले होते तिथूनच सडू लागले होते. सगळी तोडून तिथेच जाळावी लागली. जाळासमोर उभ्या छाटणीवाल्यांनी मुलीला विचारले, "माझ्यामुळे ना गं?"

मला वाटले, लेक आहे, नाही म्हणेल.

"हो, बाबा," ती म्हणाली आणि त्यांचा हात धरून उभी राहिली. रडू मात्र तिला आवरले नाही.

त्यानंतर त्यांनी मला कधी उचलले नाही. अवजारांच्या खोलीत मी खिळ्याला लटकते आहे. माझी कीव करू नका. एवढेच करा, आजारी झाडाला लावलेले हत्यार निरोगी झाडाला लावण्याआधी थांबा आणि नीट स्वच्छ करा. दोन मिनिटे लागतात. आम्हा हत्यारांना स्वतःहून थांबता येत नाही, मित्रांनो.