आभाराचा ठराव

“लिहू नकोस. आधी ऐक,” डोरीन हकेट म्हणाल्या.

ग्लेनिस पार्फिटनं पेन खाली ठेवलं. हेझलकोट गावच्या पंचायतीची मे महिन्यातली सभा चालू होती. सुरुवातीची पंधरा मिनिटं ग्रामस्थांच्या तक्रारींसाठी असतात. डोरीनबाई चौऱ्याऐंशीच्या, त्यांना बसून बोलायची मुभा होती, तरी त्या काठी टेकून उभ्या होत्या.

“सकाळी बससाठी निघाले. गॅडच्या कुरणापाशी गेले तर फाटकाला साखळी आणि साखळीला हे एवढं कुलूप. आत दोन घोडे. ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघतेय. तेवढ्यात बस गेली.”

“कुठल्या दिवशी?” ग्लेनिसनं विचारलं.

“गुरुवारी. मी दुसऱ्या कुठल्या दिवशी जाते?”

मागच्या खुर्च्यांवर हसू उमटलं. डोरीनबाईंचा गुरुवार गावाला पाठ होता. दर गुरुवारी सव्वानऊची बस, शेजारच्या शहरात डॉक्टर किंवा लायब्ररी, बाजारात एक मासा आणि दीडच्या बसनं परत. खालच्या आळीतून गॅडच्या कुरणातून गेलं, पडक्या गिरणीला वळसा घातला, की आठ मिनिटांत बसथांबा येई. दुसरा मार्ग गाडीरस्त्याचा. दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडी, एक गाडी जेमतेम जाईल एवढी रुंदी आणि पायी चालणाऱ्याला बाजूला व्हायला वीतभरही जागा नाही.

पर्सी गॅड दीड वर्षापूर्वी वारला. शेत विकलं गेलं. नवे मालक डेल्व्हिन नावाचे गृहस्थ होते.

“मी जाऊन आलो त्यांच्याकडे,” अध्यक्ष रॉजर ट्रेमलेट म्हणाले. ते जनावरांचे निवृत्त डॉक्टर. कुठल्याही गोष्टीत आधी दात तपासल्यासारखे बोलत. “चहा पाजला, बिस्किटं दिली, घोड्यांची नावं सांगितली. फार गोड माणूस आहे. नाही म्हणाला.”

मग रॉजर यांनी कायदा समजावून सांगितला. वाट अडवली जाण्याच्या लगेच आधीची सलग वीस वर्षं लोक तिच्यावरून उघडपणे, अडथळ्याविना आणि कुणाच्याही परवानगीवर न विसंबता चालत आले असतील, तर ती वाट लोकांची होते. मालक कोणी का असेना. त्यासाठी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत दावा लावायचा आणि चालणाऱ्यांचे जबाब जोडायचे.

“वीस कसली, माझी साठ झाली,” डोरीनबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

जबाब गोळा करायचं काम पंचायतीच्या चिटणिसांवर, म्हणजे ग्लेनिसवर आलं. तिनं ते लिहून घेतलं.

ती बावीस वर्षं गावची चिटणीस होती. त्याआधीची तीस वर्षं बियाण्यांच्या एका दुकानात पत्रव्यवहार सांभाळण्यात गेली. तिथं कुणाला ती आठवत असली, तर तिचं एकही पत्र परत टाइप करावं लागलं नाही एवढ्यासाठीच. नवरा क्लाइव्ह गेला त्याच हिवाळ्यात चिटणिसाची जागा रिकामी झाली आणि दुसरं कोणी पुढं आलं नाही. नोटीस सभेच्या तीन पूर्ण दिवस आधी लागायची म्हणजे लागायचीच. पावसात भिजली तर ती दुसरी लावायची. पंचायतीची इतिवृत्तं तिच्या घरी, गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात टॉवेलांच्या वर ठेवलेली असत, कारण गावात तेवढीच एक जागा कायम कोरडी राही.

जुलैच्या जत्रेत तिनं जबाबांचं टेबल मांडलं. एका बाजूला सर्वांत मोठ्या भोपळ्याची स्पर्धा, दुसऱ्या बाजूला केकचा गाळा. लोक केक खात खात अर्ज भरत होते. ‘सोबत कोण असे?’ या रकान्यात एकानं सहा कुत्र्यांची नावं त्यांच्या मृत्यूच्या सालांसह लिहिली. एक बाई अर्ज उलटा धरून हळूच म्हणाली, “गिरणीमागं मी पहिल्यांदा कशाला गेले ते लिहायलाच पाहिजे का गं? हे वाचतील.”

“साल पुरे,” ग्लेनिस म्हणाली.

“सालावरूनच कळेल त्यांना.”

त्रेचाळीस जबाब जमले. नवव्या प्रश्नापुढं, ‘आपल्याला कोणी परवानगी दिली होती काय?’, सगळ्यांनी ‘नाही’ लिहिलं होतं. कोणी खोटं लिहिलं नव्हतं. तसं त्यांना खरोखर वाटत होतं.

सप्टेंबरात तिनं दावा बांधायला घेतला. वाट गावाच्या वापरात होती हे दाखवणारा जुना कागद सापडला तर बरं, म्हणून तिनं कपाटातून सगळी इतिवृत्तं काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर सालवार लावली. पहिल्याच वहीत, तिच्या पहिल्याच जानेवारीत, तिला ते सापडलं. शेवटचा विषय: ‘श्री. पर्सी गॅड यांनी आपल्या कुरणातून ग्रामस्थांना जाऊ दिल्याबद्दल आभाराचा ठराव. चिटणिसांनी पत्र पाठवावे.’ खाली पत्राची प्रत. ‘आपण कृपाळूपणे दिलेल्या परवानगीबद्दल ग्रामस्थ आपले ऋणी आहेत.’

पुढच्या जानेवारीतही तेच होतं. त्याच्या पुढच्याही. पर्सी जाईपर्यंत एकही वर्ष सुटलं नव्हतं.

ती कल्पना तिचीच होती. इतकी वर्षं गाव एका माणसाच्या रानातून जातं आणि कोणी त्याला दोन ओळी लिहीत नाही, हे त्या पहिल्या हिवाळ्यात तिला बरं वाटलं नव्हतं. विषय दर वेळी सभेच्या अगदी शेवटी यायचा. लोक तोवर कोट चढवून हातमोजे शोधत असत. ‘सर्वानुमते’ म्हणायला कोणी मान वर करत नसे. पहिलं पत्र गेलं तेव्हा पर्सी गॅड चिखलाच्या बुटांनिशी तिच्या दाराशी आला होता. आत यायला तयार नव्हता. “माझ्या बापाला असलं काही आलं नाही कधी,” एवढं म्हणाला आणि पायरीवर अर्धा डझन अंडी ठेवून गेला.

ती सगळ्या वह्या घेऊन रॉजर यांच्याकडे गेली. ते बागेत शेंगांचे वाळलेले वेल उपटत होते. उभ्याउभ्याच त्यांनी तीन वर्षं चाळली.

“हे कोण वाचतं, ग्लेनिस?”

“तुमच्या सह्या आहेत.”

“मी न वाचता सही करतो. आधीचा अध्यक्षही न वाचताच करायचा. इतिवृत्तावर सही वाचून करतं कोण?” त्यांनी वही मिटली. “याचा अर्थ आपण परवानगीनं चालत होतो.”

“हो.”

“वीस वर्षं दर साली लेखी कबूल करून.”

“हो.”

त्यांनी वही तिला परत दिली. “गठ्ठा तुमच्याकडे असतो. त्यात काय लावायचं ते तुम्हीच बघता. मी काही बघितलेलं नाही असं धरून चाला.”

“अर्जावर मला लिहून द्यायचंय, की पंचायतीकडचे या विषयाचे सगळे कागद जोडलेत म्हणून.”

“लोक लिहून देतात, ग्लेनिस.”

“देत असतील.”

“डेल्व्हिनला याचा पत्ता नाही. पर्सीनं ती पत्रं शेकोटीत घातली असतील. अहो, कुणाचं नुकसान होतंय? घोड्यांचं?”

तिनं वह्या पिशवीत भरल्या. त्यांनी कुंपणाचं दार तिच्यासाठी उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी ती डोरीनबाईंकडे गेली. त्या स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत होत्या. जागा दाखवण्याऐवजी त्यांनी तिच्या हातात सुरी दिली. ग्लेनिसनं सोलत सोलतच सगळं सांगितलं, पत्रातलं वाक्यही शब्दशः म्हणून दाखवलं.

“मग दावा पडणार?”

“बहुतेक.”

“आणि कागद लावला नाही तर?”

“बहुतेक जिंकू.”

डोरीनबाईंनी एका सफरचंदाचा किडका भाग कोरून काढला. “स्टीफनचा परत फोन आला होता. लीड्सला ये म्हणतो. खोली तयार करून ठेवलीय माझ्यासाठी, खालच्या मजल्यावर. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. सून पण बरी आहे, तक्रारीला जागा नाही. तीच तर पंचाईत.” मग सुरी न थांबवता त्यांनी विचारलं, “लावायच्या आधी माझा विचार केलास का तू?”

“केला.”

“आणि?”

“तरी लावणार आहे.”

“कुणी सांगितलं होतं गं तुला आभार मानायला?”

“आईनं,” ग्लेनिस म्हणाली.

“माझ्याही आईनं सांगितलं होतं. मी तर दर गुरुवारी हात करायची त्या पर्सीला. पण कागदावर नाही ना घेतलं.” त्यांनी पातेलं आपल्याकडे ओढलं. “सुरी ठेव. तू फार जाड सोलतेस.”

ग्लेनिसनं दावा पाठवला. सगळ्या पत्रांच्या प्रती जोडून, अनुक्रमांक घालून. त्याची नोंद ऑक्टोबरच्या सभेत वाचून दाखवली. त्या वेळी मात्र सगळ्यांनी ऐकलं.

हेझलकोटमध्ये कोणी कोणाशी भांडत नाही, लोक फक्त अधिक सभ्य होतात. दुकानात ती ‘ग्लेनिस’ची ‘मिसेस पार्फिट’ झाली. नोव्हेंबरात गावच्या स्मारकापाशी युद्धात गेलेल्यांची नावं वाचली गेली. दरवर्षी डोरीनबाई तिच्या छत्रीखाली उभ्या राहत. या वर्षी त्या पलीकडच्या बाजूला, पोस्टमास्तरांच्या छत्रीत होत्या. एकोणीस नावं, मग दोन मिनिटांची शांतता. एरवी ती दोन मिनिटं चटकन सरत.

हिवाळाभर डोरीनबाई लोकांच्या गाडीतून शहरात जात राहिल्या. कोणाला मंगळवार सोयीचा, कोणाला शुक्रवार. नेणाऱ्याचं काम आटोपलं की यांचंही आटोपे. लायब्ररीत पुस्तक हातात घ्यावं आणि खिडकीबाहेर हॉर्न वाजावा. नेणाऱ्या बाईनं एकदा दुकानात सांगितलं, “मासा घ्यायचा राहिला तरी बोलत नाहीत हो त्या. आधी कशा बोलायच्या.” ग्लेनिस पलीकडच्या मांडणीपाशी टपालाची तिकिटं घेत उभी होती. तिच्याकडे गाडी नव्हती. क्लाइव्हची होती ती तिनं तेव्हाच विकली होती.

निकाल एप्रिलमध्ये आला. चार पानांचा. तिसऱ्या पानावर पत्रांचा उल्लेख होता: वापर मालकाच्या परवानगीनं होत असल्याचं खुद्द पंचायतीच्या दफ्तरावरून सिद्ध होतं, सबब दावा अमान्य. ग्लेनिसनं चारही पानं गावच्या सूचनाफलकावर लावली, प्रत्येकाला चार टाचण्या. रॉजर कुत्रा घेऊन तिथून चालले होते. ते थांबले आणि चष्मा लावून चारही पानं त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचली. कुत्रा कंटाळून त्यांच्या पायाशी आडवा झाला.

“डेल्व्हिन यांनी पत्र पाठवलंय मला,” ते म्हणाले. “म्हणतात, तुमच्या पंचायतीचं दफ्तर वाखाणण्यासारखं आहे.”

ग्लेनिसनं उरलेल्या टाचण्या डबीत टाकल्या.

“मेमध्ये राजीनामा देणार असाल तर आत्ताच सांगा. दुसरं कोणी मिळणार नाही. मी विचारून बघितलंय.”

“विचारलंत?”

“सप्टेंबरातच. तुमच्यासारखं कोणी नको होतं मला.” त्यांनी चष्मा खिशात ठेवला. “कोणी हो म्हणालं नाही. मग मी पण विचारायचं सोडलं.”

त्या गुरुवारी सकाळी पावणेनऊ वाजता ग्लेनिसचं दार वाजलं. डोरीनबाई हॅट घालून उभ्या होत्या. कोटावर पिवळाधमक चकाकता अंगरखा, शाळेपाशी मुलांना रस्ता ओलांडून देणारी माणसं घालतात तसला. दुसरा हातात होता.

“हा घाल. बस सव्वानऊची आहे.”

“वाट बंद आहे, डोरीन.”

“चार पानं वाचली मी. रस्ता तर बंद नाही ना? रस्त्याला कुणाची परवानगी लागत नाही ना?”

“नाही.”

“मग चल. मी पुढं, तू माझ्या मागं. समोरून येणाऱ्याला मी बघते, मागून येणाऱ्याला तू बघ. आणि मला घाई करू नकोस.”

“लीड्सचं काय ठरलं?”

“फोन केलाय त्याला,” डोरीनबाई म्हणाल्या. काय सांगितलं ते त्यांनी सांगितलं नाही.

गावाबाहेरच्या वळणानंतर झाडी दोन्ही बाजूंनी अंगावर आली. रस्त्याच्या कडेनं पाणी वाहत होतं. डोरीनबाई काठी टेकत, मग पाऊल टाकत, मग पुन्हा काठी. समोरून आलेली एक गाडी त्यांना पाहून थांबली आणि जागा असलेल्या फाट्यापर्यंत उलटी मागं गेली. मग पाठीमागून दुधाचा टँकर आला. ग्लेनिसनं वळून हात आडवा केला. टँकर थांबला. त्याच्या मागं एक व्हॅन थांबली, व्हॅनमागं आणखी काही गाड्या. वळणामुळं किती ते दिसत नव्हतं. कोणी हॉर्न वाजवला नाही.

चढ सुरू झाला तशी डोरीनबाईंना धाप लागली. रस्त्याच्या मधोमध त्या थांबल्या, काठीवर दोन्ही हात ठेवले आणि उभ्या राहिल्या. ग्लेनिस पुढं झाली नाही. दोन पावलांवर, मागच्या गाड्या आणि त्यांच्या मध्ये, ती उभी राहिली. टँकरवाल्यानं इंजिन बंद केलं. झाडीत कुठंतरी पाखरं बोलत होती, ती मग ऐकू यायला लागली.

डोरीनबाईंनी श्वास पुरा होऊ दिला. हॅट नीट केली. काठी उचलून पुढं टेकली. मागं टँकरचं इंजिन पुन्हा सुरू झालं आणि तो त्या दोघींच्या पावलांच्या वेगानं चढ चढू लागला.