शेवट कापला नाही

पहिला फटका बाबांनी मारला.

हे वाक्य पाच दिवस मी कुणालाच सांगितलं नव्हतं. प्रभुकाकांना, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाला, ते ऐकायचं नव्हतं. पोलिसांनी अजून विचारलं नव्हतं. आणि तिथे हजर असलेले हरिबाकाका म्हणत होते, मी पेटीवर वाकलो होतो, मला काहीच दिसलं न्हाय.

माझे बाबा, राजशेखर, चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. बिघडलेले माग दुरुस्त करायचे. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान अर्धे गेले होते. तरीही दर रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत तीन म्हातारे कॅसेट ऐकायला बसत: बाबा, गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान असलेले एजाजचाचा, आणि वैरागहून पहिल्या एसटीनं येणारे हरिबाकाका. हरिबाकाका गावच्या भजनात पेटी वाजवतात. तिघं ऐकायचे एक इंग्रजी बँड, टिन कॅथीड्रल. वीस-वीस मिनिटांची गाणी, मधेच लंगडत चालणारी सात मात्रांची लय, ऑर्गन, बासरी, आणि चर्चमध्ये गायल्यासारखा एक आवाज. त्या गायकाला हे तिघं पाद्री म्हणत.

चाचांच्या थोरल्या भावानं त्या बँडची रेकॉर्ड कुवेतहून आणली होती. बाबांनी एका दिवसाच्या बोलीवर ती घेऊन कॅसेटवर उतरवली. पुढच्याच उन्हाळ्यात चाचांच्या पत्र्याच्या खोलीत रेकॉर्ड वाकून पापडासारखी झाली. उरली ती बाबांची कॅसेट. तिच्यावरून नकला निघाल्या, अकलूजला गेल्या, मोडनिंबला गेल्या.

बाबांचा नियम होता: कॅसेट चालू असताना कुणी बोलायचं नाही. बाजू संपून खटका वर उडाला की भांडण सुरू. भांडण एकच. चाचांच्या मते बँड म्हणजे वाजवणारे. पाद्री नसता तरी चाललं असतं. बाबांच्या मते पाद्री नसेल तर बाकी सगळी नुसती यंत्रं. यंत्रं त्यांनी पुष्कळ ऐकली होती. दर वेळी ते शेवटच्या चढाकडे बोट दाखवत. शेवटच्या दोन मिनिटांत पाद्रीचा आवाज ऑर्गनच्या वर चढतो आणि तिथेच थांबून राहतो. "मागांच्या वरून मला एवढा एकच आवाज ऐकू येईल," ते म्हणायचे.

त्या रविवारी चाचा यावर उत्तर घेऊन आले. त्यांच्या मुलानं, ताबीशनं, फोनवर कंपनीची मूळ रेकॉर्ड शोधून दिली होती.

"आज तेरे पाद्री का फैसला," चाचा आल्या आल्या म्हणाले. "हरिबा, पेटी खोल."

आधी कॅसेट लावली. शेवटच्या चढाला हरिबाकाकांनी पेटीवर सूर धरला. "काळी चार," ते म्हणाले. मग फोन. तीच जागा आली. हरिबाकाकांचं बोट काळी चारवर होतं, ते घसरत खालच्या पट्टीवर आलं.

"पांढरी पाच. अर्धा सूर खाली हाय, राजाभाऊ. आन चाल बी जरा संथ वाटतीय."

"फोन खोटा आहे," बाबा म्हणाले.

"कंपनीची रेकॉर्ड हाय रे! खोटी तुझी कॅसेट," चाचा म्हणाले.

"मागाहून बदललंय त्यांनी."

"कायकू बदलतील? सदतीस साल तू मला ऐकवतोस, पाद्री कुठं चढतो बघ, कुठं चढतो बघ. अरे तो चढतच नै! जिना तुझ्याच घरातला हाय."

हरिबाकाका हसले. चाचाही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभी होते. मलाही हसू आलं होतं.

"गप बस, एजाज्या."

"हरिबा, याला विचारून काय फायदा? मागांनी कान खाल्ले याचे. भैऱ्याला पाद्री काय आन पिठाची गिरणी काय!"

कॅसेटच्या डब्याशेजारी बाबांचा जुना धोटा असायचा. मागात बाण्याचा, म्हणजे आडवा, दोरा घेऊन इकडून तिकडे धावतो तो. हातभर लांब कठीण लाकूड, दोन्ही टोकांना पोलाद. बाबांनी तो उचलला आणि चाचांच्या भुवईवर मारला. ओला आवाज आला. चाचा अजून हसतच होते. रक्त तोंडात गेलं तेव्हा हसू थांबलं. दुसरा फटका खांद्याजवळ बसला आणि हाड मोडल्याचं मला दारापर्यंत ऐकू आलं. मी "बाबा" म्हणाले. एकदाच. ट्रे खाली ठेवला नाही. बाबांनी तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा चाचांनी चांगल्या हातानं त्यांना ढकललं. बाबा मागे गेले, पाय अडखळला, आणि डोक्याची मागची बाजू दगडी उंबरठ्यावर आदळली.

मंगळवारी दुपारी ते गेले. तोपर्यंत शुद्धीवर आले नाहीत.

बुधवारी सकाळी प्रभुकाका दहा-बाराजणांना घेऊन चाचांच्या दुकानावर गेले. मांडण्या पाडल्या, काचा फोडल्या. ताबीश मध्ये पडला. त्याचा हात काउंटरवर दाबून धरला आणि बावीस नंबरच्या पान्यानं बोटं ठेचली. चार. हे मला काकांनीच सांगितलं, आमच्या मोरीत हात धुताना. साबण लाल होत होता आणि ते तो पुन्हा पुन्हा फिरवत होते.

"शुक्रवारी तुझा जबाब आहे," ते म्हणाले. "एवढंच सांगायचं. धोटा एजाजनं उचलला. आधी त्यानं मारलं."

"धोट्यावर चाचांचं रक्त आहे, काका."

"झटापटीत लागलं म्हण. हरिबा काय बोलत नाही. तू एकटीच बघणारी. जन्मठेप होऊ दे त्याला."

खरं सांगायचं तर माझ्या मनात होतं, की काका म्हणतात तसंच सांगावं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. खोटं बोलणाऱ्या साक्षीदारांबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे, आणि वाचताना त्यांचा मला नेहमी राग आला आहे. पण बाबांचा रक्तानं कडक झालेला शर्ट दवाखान्यात पिशवीतून माझ्या हातात दिला होता, आणि चाचा जिवंत होते.

गुरुवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी कॅसेटचा डबा उघडला. मला तो चढ ऐकायचा होता, एवढंच. कॅसेट काढताना आतला कागद निघून आला. बाहेरच्या बाजूला बँडचं नाव. आतली बाजू मी कधी पाहिली नव्हती. तिथे बाबांचं बारीक अक्षर होतं.

"१४ ऑगस्ट ८८. रेकॉर्ड साडेसत्तेचाळीस मिनिटं. कॅसेटची बाजू पंचेचाळीस. प्लेअरचा वेग थोडा वाढवून पूर्ण बसवली. शेवट कापला नाही. एजाजला सांगणे."

मी ते उभ्यानंच वाचलं. वेग वाढवला की आवाज वर जातो, हे जॉबर माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. सदतीस वर्षं पाद्रीला त्या उंचीवर बाबांनीच नेऊन ठेवलं होतं. फोनवर मूळ रेकॉर्ड वाजली तेव्हा त्यांना आठवलं असणार. धोटा उचलताना त्यांना ठाऊक होतं, की एजाज खरं बोलतोय.

शुक्रवारी पोलीस ठाण्यात फौजदारांनी विचारलं, "वाद कशावरून?"

"गाण्यावरून."

"देवाधर्माचं गाणं?"

"नाही. एका गायकाचा आवाज किती वर जातो, यावरून."

त्यांनी पेन थांबवलं. बाहेर बाकावर प्रभुकाका बसले होते. दार उघडं होतं.

"पहिला फटका कुणी मारला?"

"माझ्या वडिलांनी. दुसराही त्यांनीच. तिसऱ्या फटक्याला चाचांनी ढकललं." मी कागद टेबलावर ठेवला. "आणि चाचांचं म्हणणं बरोबर होतं."

त्यांनी कागद दोनदा वाचला. मी फोटो काढून घेतला, मग त्यांनी तो फाईलला लावला. मी जबाबावर सही केली.

पायऱ्यांवर काकांनी माझ्या तोंडात मारली. ओठ दातांत सापडला. दुसऱ्यांदा मारली तेव्हा मी रेलिंगला धरून उभी राहिले. "बापाला मारलंस तू," ते ओरडले. तिसऱ्या वेळी एका हवालदारानं त्यांचा हात धरला.

मी तशीच सरकारी दवाखान्यात गेले. चाचांच्या खाटेशी एक पोलीस बसला होता. त्यानं पाच मिनिटं दिली. चाचांच्या बायकोनं, खातूनबींनी, मला पाहून तोंड भिंतीकडे वळवलं. शेजारच्या खाटेवर ताबीश झोपला होता, हाताला मोठं बँडेज.

चाचांचा एक डोळा सुजून बंद होता. दुसऱ्यानं ते माझ्या ओठाकडे बघत राहिले.

"किसने मारा, बेटा?"

मी फोनवर कागदाचा फोटो उघडून त्यांच्यासमोर धरला. त्यांना चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून वाचून दाखवला. 'शेवट कापला नाही' ही ओळ पुन्हा वाचावी लागली. मग शेवटची वाचली: 'एजाजला सांगणे.'

चाचांचा चांगला हात चादरीवर होता. दोन बोटं हळूहळू हलत होती. सात मात्रा होत्या, मी मोजल्या.

"सांगायचं की रे, राजा," ते छताकडे बघत म्हणाले. "मी काय बोललो असतो?"