न संपणारा सिलिंडर

सकाळच्या गारठ्यात अख्खी वस्ती पटांगणातल्या एका शेगडीभोवती जमली होती, आणि शेगडीवर काहीच शिजत नव्हतं. तरी कुणी हलायला तयार नव्हतं. कारण ज्योतबाबा मेलेला गॅस उठवून दाखवणार होते.

ज्योत आधी बारीक झाली, मग निळी टिकली उरली, मग तीही गेली. गर्दीने उसासा टाकला. बाबांनी लोकरीच्या कापडात गुंडाळलेला तांब्या उघडला.

"हे सिद्धजल! बारा वर्षं गुहेत बसलो तेव्हा हाती लागलं. गॅस कंपनी देते, पण गॅसला प्राण कोण देतं?"

"बाबा देतात!" सगळ्यात आधी ओरडले ते सरकारी योजनेचे साहेब.

बाबांनी सिलिंडरवर धार धरली. थोडा वेळ डोळे मिटून पुटपुटले आणि काडी ओढली. ज्योत भसकन वर आली. एका आजोबांनी थेट शेगडीलाच हात जोडले.

साहेबांनी लगेच छापील अर्जांचा गठ्ठा सोडला. "आता सवलतीचे सिलिंडर हवेत कशाला? इथे सह्या करा, 'आम्हाला गरज उरली नाही'. वस्ती स्वयंपूर्ण जाहीर होईल!"

तीन वर्षांपूर्वी सरकारने ही वस्ती धूरमुक्त केली होती. घरटी एक शेगडी दिली, एक सिलिंडर दिला आणि वेशीवर भला मोठा फलक लावला. सिलिंडर महिन्याभरात संपला. फलक अजून टिकून आहे. घरोघरी पुन्हा चुली पेटल्या. यंदा कुठे वर्षाला चार सिलिंडर सवलतीत मंजूर झाले, आणि ते पोचवायची कटकट साहेबांच्या गळ्यात पडली. बाबा साहेबांच्याच जीपमधून उतरले होते. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. ज्याला सरकारी गाडी मिळते तो चमत्कार अस्सलच असणार.

सह्यांच्या रांगेत तिसरी उभी होती ती भंगारवालीची सून. गेल्या महिन्यात तिला दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "चुलीसमोर पुन्हा बसली तर मी जबाबदार नाही." म्हणजे या कागदावर सही झाली की सून परत चुलीसमोर. भंगारवालीने हातगाडी तिथेच सोडली आणि सुनेचं मनगट धरलं.

"थांब गं."

"आत्याबाई, ज्योत तुम्हीही पाहिलीत ना?"

"ज्योत पाहिली. वजन कुठं पाहिलंय?"

ओली रद्दी कोरडी म्हणून खपवणारे तिने तीस वर्षं पाहिले होते. नुसत्या डोळ्यांवरचा तिचा विश्वास केव्हाच उडाला होता.

"बाबा, सरका जरा." तिने शेगडी बंद केली, सिलिंडर सोडवला, पदराने कोरडा पुसला आणि दोघांना हाताशी घेऊन गाडीवरच्या काट्याला टांगला. "सोळा किलो शंभर. आता याच्या गळ्याशी काय कोरलंय ते वाचा कुणीतरी."

गर्दीतल्या पोस्टमनने चष्मा वर सरकवला. "पंधरा तीनशे."

"ते नुसत्या लोखंडाचं. म्हणजे आत अजून आठशे ग्रॅम गॅस आहे. मेला कुठं होता? ओता बाबा, आणखी प्राण ओता!"

बाबांनी ओतलं. तिने पुसलं. काटा सोळा शंभरवरच.

"प्राणाला वजन नसतं, बाई," बाबा गंभीरपणे म्हणाले.

"गॅसला असतं. आणि स्वयंपाक गॅसवर होतो." तिने घरचा सिलिंडर आणून टांगला. काटा कोरलेल्या आकड्यावर बरोब्बर थांबला. "हा खरा मेलेला. उठवा."

उरलेला तांब्या त्यावर रिता झाला. एक काडी, दोन काड्या, तिसरीने बाबांचं बोट भाजलं.

"यांच्या घरात भक्तिभाव कमी आहे," बाबा बोटावर फुंकर घालत म्हणाले.

"भाव चिक्कार आहे हो, गॅस नाही!"

तेवढ्यात चहावाला पुढे आला. "अहो, थंडीत माझाही सिलिंडर रोज असाच बसतो. किटलीतलं ऊन पाणी ओततो." त्याने शेजारणीच्या घरचा बसलेला सिलिंडर आणवला, त्यावर किटली रिकामी केली, जरा थांबून काडी लावली. ज्योत भसकन वर! "म्हणजे मीपण बाबाच झालो की!"

गर्दी हसली. साहेब मात्र तापले. "तुझ्या काट्यावर सरकारी शिक्का आहे का?"

"आहे. तुमच्याच वजनमाप खात्याचा." तिने काटा फिरवून दाखवला. "तुमच्या बाबांवर कुठं आहे?"

गंमत एवढीच होती. गॅस सिलिंडरमध्ये पातळ असतो. त्याची वाफ होते ती जळते, आणि वाफ होताना तो आणखी गार पडतो. तळाला थोडाच उरला, वर थंडी असली, की जोर संपतो. तांब्यातलं असो की किटलीतलं, ऊन पाणी लागलं की उरलेलाच गॅस पुन्हा उठतो. नवा थेंबही येत नाही. (घरी हा उद्योग करू नका, पेटत्या शेगडीशेजारी सिलिंडर तापवणं धोक्याचं आहे.) लोकहो, ज्योत दिसली म्हणून हात जोडू नका. आत किती आहे ते आधी मोजा. बाबाचं मोजा, आणि सरकारचं तर दोनदा मोजा.

साहेब जीपमध्ये बसले. बाबा मागोमाग धावले, पण साहेब म्हणाले, "मी यांना ओळखत नाही."

सुनेला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तिने कोरा अर्ज जीपच्या खिडकीतून आत सारला आणि दार घट्ट धरून ठेवलं.

"ओळख राहू द्या, साहेब. आमचा पहिला सिलिंडर कुठल्या तारखेला येतोय, तेवढं इथं लिहा आणि खाली तुम्ही सही करा."