डोल्माच्या हातची सफरचंदं

नागसेननं सफरचंदांची पेटी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली सरकवली आणि हातपाय धुवायला गेला. संघप्रिया वाढदिवसाच्या एका केकवर क्रीम लावत होती. गल्लीतल्या पोरांचे केक आता तिच्याकडूनच जायचे. तिनं सहज खाली पाहिलं. पुठ्ठ्यावर निळ्या अक्षरांत 'किन्नौर' छापलेलं होतं. हातातली सुरी क्रीममध्येच थांबली.

नागसेन फौजेतून निवृत्त होऊन शाहूपुरीतल्या एका बँकेत सुरक्षारक्षक झाला, त्याला बरीच वर्षं झाली होती. येता-जाता तो केळी आणायचा, पेरू आणायचा. सफरचंद मात्र या घरात आजाऱ्यापुरतंच यायचं आणि तेही चिरून, घाईघाईनं संपवलं जायचं. किन्नौरचं नाव तर दोघांनीही कधी काढलं नव्हतं.

"मार्केट यार्डात दिसली," जेवताना तो म्हणाला. "तू तिकडं खायचीस ना, ती भाजलेली."

संघप्रियानं हूं केलं. त्याला ते आठवत असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

लग्नानंतर दोन वर्षं ती त्याच्याबरोबर तिकडं, किन्नौरात राहिली होती, सतलजच्या वरच्या अंगाला, छावणीजवळच्या एका गावात. क्वार्टर मिळत नव्हतं म्हणून डोल्मा नेगीच्या घरातली एक खोली भाड्यानं घेतली होती. ट्रंक उघडताना कपड्यांतून पितळेची बुद्धमूर्ती निघाली, तेव्हा डोल्मा दारातच उभी होती. मग तू आमच्याच घरची, असं म्हणून तिनं त्या दिवशीचा स्वयंपाक करू दिला नाही. कागलजवळच्या खेड्यात वाढलेल्या संघप्रियाला बर्फ, देवदार, खारट चहा सगळंच नवीन होतं. पण डोल्मा बोलायला लागली की तिला माहेरच्या अंगणात बसल्यासारखं वाटायचं.

तिथंच तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात, पावसाच्या दिवसांत, नागसेन गाडी घेऊन वर चौकीवर गेलेला असताना तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. खालचा दवाखाना दिसत होता, पण पोचता येत नव्हतं. डोल्मानं आणि गावातल्या एका सुइणीनं होतं नव्हतं ते सगळं केलं. मुलगी झाली. तिनं श्वास घेतलाच नाही.

सुईण पाणी तापवायला बाहेर होती. पोरीला नीट पाहिलं ते दोघींनीच, संघप्रियानं आणि डोल्मानं. डोल्मानं तिला आपल्या लोकरीच्या शालीत गुंडाळलं आणि घरामागच्या उतारावर पुरलं. रस्ता मोकळा होऊन नागसेन आला, तेव्हा दाखवायला फक्त ओली माती होती.

त्यानंतर संघप्रियानं अन्न सोडलं. रोज दुपारी डोल्मा एक भाजलेलं सफरचंद वाटीत घालून आणायची. खोली तापवायला लोखंडी शेगडी असायची, तिला तिकडं तंदूर म्हणत. त्याच्या पोटात ती सफरचंदं ठेवायची. मधला गर कोरून आत आक्रोड, वाळलेले जर्दाळू, गूळ आणि लोणी भरलेलं. साल सुरकुतून फाटायची आणि फटीतून तांबूस रस वाटीत उतरायचा. डोल्मा समजूत घालायची नाही, रडू नको म्हणायची नाही. चमच्यानं भरवायची आणि वाटी रिकामी झाली की उठायची. संघप्रिया जगली ती त्या सफरचंदांवर.

गावाकडं फोन गेला तेव्हा सासू, तानूबाई, पलीकडून एवढंच म्हणाली होती, "पुढं बघा." पुढं प्रसेनजीत झाला, मोठा झाला, पुण्याला शिकायला गेला. मागचं कुणी काढलं नाही.

पेटी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी केक पोचते करून संघप्रिया बसली. देठाकडून सुरीनं गर कोरला, बूड फुटू दिलं नाही. आक्रोड, जर्दाळू, आपल्याकडचा पिवळाधमक गूळ आणि लोणी भरलं, ट्रेमध्ये थोडं पाणी घातलं आणि ओव्हन लावला. पहिली सफरचंदं फुटून त्यांचा लगदा झाला. मग तिनं आच कमी केली आणि सालीला कडेनं एक बारीक चीर दिली. या वेळी सफरचंदं उभी राहिली, फुगली, सुरकुतली. दिसायला थेट तशीच. तिनं चमचा तोंडात घातला. गोड होतं, मऊ होतं, आणि ते नव्हतं.

तिनं दालचिनी घालून पाहिली. लिंबू पिळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी गूळ कमी केला. घरभर वास सुटायचा, तानूबाई खाटेवरून विचारायची, काय शिजतंय गं, आणि संघप्रिया म्हणायची, काही नाही आत्ती, बघतेय करून.

शेवटी तिनं नागसेनला डोल्माचा नंबर मिळतो का विचारलं. त्याच्या पलटणीतला एकजण तिकडंच स्थायिक झाला होता, त्यानं शोधून दिला. आक्रोड आधी भाजायचे का, एवढंच विचारायचं आहे, असं ती नागसेनला म्हणाली. नागसेननं मान हलवली आणि तिला एकटीला बोलता यावं म्हणून चप्पल घालून खाली गेला.

फोन डोल्माच्या सुनेनं उचलला. कोण, कुठून, हे सांगून झाल्यावर संघप्रियानं डोल्माला बोलवायला सांगितलं. मग ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, अम्माजी तर गेल्या, मागच्या बर्फात. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. संघप्रियानं सफरचंदांचं विचारलं. सून म्हणाली, तंदूर आता काढून टाकला, तसली सफरचंदं कुणी करत नाही, मला तर येतही नाहीत. तुम्ही या ना कधी इकडं. घरामागच्या उताराबद्दल विचारायचं संघप्रियाच्या अगदी ओठावर आलं. पण त्या मुलीला काय ठाऊक असणार? तिनं येईन म्हटलं आणि फोन ठेवला.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. डोल्मा गेल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं. त्या पोरीला नीट पाहिलेली दोन माणसं जगात होती. आता ती एकटीच उरली होती. ती विसरली की पोर कधी झालीच नव्हती, असं होणार.

ट्रे भरून तयार होता. तिनं तो ओव्हनमध्ये सारला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

नागसेन वर आला. तिच्या तोंडाकडं पाहूनच तो समजला. आईच्या खाटेशेजारी भिंतीला पाठ लावून बसला. सफरचंदं झाली तशी संघप्रियानं एक वाटीत काढलं, चमच्यानं मोडलं आणि तानूबाईपुढं धरलं. म्हातारीचे दात कधीच गेले होते. तिनं दोन घास चघळले, तिसरा घेतला.

"हे तिकडलं व्हय?" तिनं विचारलं. "त्या बाईनं घातलेलं?"

संघप्रिया चमकली. तानूबाईला हे ठाऊक असेल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"नागसेननं सांगिटलं हुतं मला, सुट्टीवर आलता तवा. सून जेवत न्हाय, एक बाई सफरचंद भाजून घालतीया म्हणून." तानूबाईनं वाटी मांडीवर ठेवली. तिनं विचारलं, "पोरगी कशी हुती गं?"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. पण शब्द आपोआप आले, जणू कधीचे रांगेत उभे होते.

"केस लई हुतं, आत्ती. काळंभोर, कपाळावर चिकटलेलं. बोटं लांब हुती. आणि हनुवटी तुमची."

"माजी?"

"व्हय. अशीच, मधी खळगा असलेली. डोल्मानं हात लावून दाखवली मला."

तानूबाईचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीकडं गेला आणि तिथंच राहिला. मग पदरानं डोळे पुसून तिनं वाटी पुन्हा उचलली. नाव काय ठेवणार होतीस, हेही तिनं विचारलं. संघप्रियानं सांगितलं, उत्पला. डोल्मालाही तिनं ते सांगितलं नव्हतं. म्हातारीनं ते नाव एकदा नीट, तोडून म्हणून पाहिलं.

नागसेन मान खाली घालून बसला होता. समोरच्या सफरचंदाला त्यानं हात लावला नव्हता. त्यानं सावकाश वर पाहिलं.

"रंग?" तो म्हणाला.

"गोरी न्हवती. तुमच्यासारखी, सावळी."

त्यानं मान डोलावली. काहीतरी मनाशी जुळवत असल्यासारखा तो भिंतीकडं पाहत राहिला.

"आणि डोळं?"

संघप्रियानं त्याच्या हातावर हात ठेवला.

"मिटलेलंच हुतं वं," ती म्हणाली. "त्ये मलाबी ठावं न्हाय."