जरा डावीकडे

मोखाड्यात आमच्या आळीतला पहिला टीव्ही उमेश गुरुजींचा. मुंबईकडे तोंड केलेल्या त्यांच्या अँटेनातून चित्र कमी आणि मुंग्या जास्त यायच्या. तरी दर रविवारी सगळी आळी गुरुजींच्या ओटीवर दाटीवाटीनं बसून त्या मुंग्यांतून नायक कोण नि खलनायक कोण ते ओळखायची. कुणी चुकलं तर गुरुजी सांगायचे.

मग जव्हारच्या टेकडीवर टॉवर उभा राहिला. गुरुजींचं घर खळग्यात, शेजारच्या नितीन कारकुनाचं चढावर. मधल्या टेपाडानं सरकारी लहरी अडवल्या आणि सगळ्या कारकुनाच्या पदरात टाकल्या. आळी उठली ती चढावर जाऊन बसली.

"गुरजी, तुझे टीव्हीत निसत्या मुंग्या," जाताजाता हौशी म्हातारी म्हणाली. "तिथं हिरोचे मिशीचा केस न् केस दिसं."

मिशीचं गुरुजींनी सोसलं असतं. पण या रविवारी खुद्द त्यांच्या पत्नी रोहिणीबाई नवं पातळ नेसून चढावर निघाल्या.

"तुमच्या टीव्हीनं डोळे दुखतात हो," एवढंच म्हणाल्या. 'आपल्या' नाही, 'तुमच्या'.

नितीन भजी आणायला नाक्यावर गेलेला पाहून गुरुजी त्याच्या बाहेरच्या जिन्यानं स्लॅबवर चढले आणि त्याच्या अँटेनाची मान पिरगाळली.

"गेलं!" खाली एकच ओरडा झाला. गुरुजींना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. ते पाय न वाजवता जिन्याकडे वळले.

तेवढ्यात खिडकीतून रोहिणीबाईंची हाक आली, "नितीनभावजी, वर आहात ना? जरा डावीकडे घ्या!"

खालून बायको ओरडणार आणि वर गुरुजी फिरवणार, हे त्यांच्या घरी लग्नाच्या वाढदिवसापेक्षा नियमानं पाळलं जाई. हात आपसूक मागे गेला. अँटेना डावीकडे वळला.

"आलं! पहिल्यापेक्षा झ्याक! सोडू नका!" आणि आतल्या बायकांकडे वळून, "आमच्या ह्यांना जन्मात जमलं नाही बाई."

गुरुजींच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी हात काढला. चित्र गेलं. आता जमव म्हणावं तुझ्या भावजीला!

"भावजी," खालून आवाज आला, मऊ, आर्जवी, गुरुजींच्या वाट्याला कधीच न आलेला, "धरा ना थोडा वेळ. तुमचाच हात लागतो त्याला."

गुरुजींनी जिन्याकडे पाहिलं. मग दातओठ खाऊन अँटेना धरला. नितीन भजी घेऊन येईपर्यंत तरी तो आवाज आपलाच होता.