कासवाचा दगड

बोट धक्क्याला लागल्यापासून रोमुलोचं तोंड चालू होतं. बेटाच्या रस्त्याला जेवढे खड्डे, तेवढ्या त्याच्या थापा, आणि फ्लोरा दोन्ही मुकाट्याने सोसत होती. नवरा गेल्यावर ती सेबू शहरातून पहिल्यांदाच इकडे आली होती. जीप पुतण्याची, तेव्हा त्याला गप्प बस म्हणायची सोय नव्हती.

"पाय वर घे काकी, पत्रा तापतो. त्या पेटीवर ठेव."

पेटी पान्यांची, गोणपाटाने झाकलेली. फ्लोराने चपला काढून पाय वर ठेवले. जिवाला बरं वाटलं.

"त्या स्पॅनिश दीपगृहात आता बघायचंय काय? काका दिवा लावायचा ते दिवस गेले. आता नुसती वटवाघळं."

"एकाला न्यायला आलेय."

"वटवाघळाला?"

"पोचल्यावर सांगते. मेल्या, समोर बघ आधी!"

तिच्या मांडीवर पांढरी नवीकोरी उशीची खोळ होती. तिच्या नवऱ्याने, एलियासने, मरताना एकच मागितलं होतं, पोराला माझ्या शेजारी आणून ठेव. पोर बाप्तिस्म्याआधीच गेलं, म्हणून पाद्र्याने दफनभूमीत जागा दिली नव्हती. एलियासने मग दिव्याच्या काचा ठेवायची तांब्याची पेटी रिकामी केली, तिच्यात त्याला निजवलं आणि दीपगृहामागे पुरलं. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर कासवासारखा मोठा दगड ठेवला. लाजेपायी दोघं कुणापाशी बोलली नाहीत.

दीपगृहाचा गिलावा पार गळला होता. फ्लोरा अनवाणीच उतरली आणि लगबगीने मागे गेली.

दगड उलथून पडला होता. त्याच्या जागी पुरुषभर खोल खड्डा होता.

ती तिथेच बसली.

"अगं, घाबरतेस काय?" रोमुलो हसत आला. "जपानी सैनिकांनी लढाईत सोनं पुरलं ना, त्यावर कासवाची खूण असते. मी नि मेहुण्याने गेल्या उन्हाळ्यात खणलं. बाकीचे बसले हात चोळत!"

"काय मिळालं?"

"कपाळ! तांब्याची पेटी लागली तेव्हा नाचलो आम्ही. उघडली तर आत बारकी हाडं. माकडाची असतील. हाडं दिली कड्यावरून भिरकावून."

फ्लोराला खाली लाटा ऐकू येत होत्या.

"माझं लेकरू होतं ते, रोमुलो. तुझा भाऊ."

रोमुलोचं हसू तोंडावरच राहिलं. त्याने छातीवर क्रूस काढला, तोही डाव्या हाताने.

"पेटी कुठाय?"

त्याने जीपकडे पाहिलं.

फ्लोराने आधी जीपकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. तळव्यांवर गोणपाटाचे वळ अजून उमटलेले होते. तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"काकी, मला ठाऊक नव्हतं गं. आईशप्पथ! काकी, मार मला..."

तिने मारलं नाही. पाने, जॅक, तेलकट चिंध्या, सगळं तिने पेटीतून एकेक करून मातीत काढून ठेवलं. पेटी तिने झग्याच्या घोळाने पुसली. खड्ड्याच्या तळातली माती ओंजळीने खोळीत भरली आणि खोळ पेटीत निजवली.

"हळू चालव," एवढंच ती म्हणाली.

पेटी मांडीवर घेऊन ती बसली. धक्का येईपर्यंत तिने पाय तापल्या पत्र्यावरून उचलले नाहीत.