शेवटच्या रांगेमागची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे, आणि माझा एक पाय आखूड आहे हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी डुललं तर मला बोल नको. लोखंडी नळी कापताना कारागिराचा हात जरा चुकला. त्याने पायाला रबरी बूच चढवलं, हिरवं कापड ताणून शिवलं आणि मला पुढे ढकललं. विद्यापीठात आले, तर तिथेही माझ्यावर कोणी बसेना. बसलं की मी कुरकुरते ना!

मला निवडलं ते मॅडमनी. जिन्याखालच्या खोलीत त्यांचं काम चाले. प्राध्यापकांना शिकवणं सुधारायला मदत करायची, हे ते काम. "आम्हाला काय शिकवणार या?" म्हणत मोठमोठे विद्वान खोलीवरून नाक मुरडत जात. मॅडम मात्र चिवट. जो बोलावेल त्याच्या वर्गात मला काखेत मारून जायच्या, शेवटच्या रांगेमागे मांडायच्या आणि तासभर वहीत टिपणं काढायच्या. रिकामा बाक असला तरी त्यावर बसायच्या नाहीत. मुलांची जागा मुलांची, असा त्यांचा नियम होता.

एके दिवशी गणिताचे सर खोलीत आले. माणूस विद्वान, पण पहिल्या वर्षाची निम्मी मुलं त्यांच्या विषयात नापास झाली होती. या सत्रात फरक दिसला नाही तर वर्ग काढून घेऊ, असं विभागप्रमुखांनी बजावलं होतं.

"म्हणतात, संशोधन करा, वर्ग सोडा," सर म्हणाले. "पण मॅडम, मी शिकवायलाच आलो हो इथे. मला ते सोडायचं नाहीये."

मला त्यांची फार माया आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या वर्गात. सरांचं अक्षर मोत्यासारखं. फळा भरायचा, वळायचं आणि विचारायचं, "समजलं का?" सत्तर मुलं एका सुरात म्हणायची, "हो सर!" सर खूश. मधेच एखादा प्रश्न विचारायचे आणि त्याचं उत्तरही स्वतःच देऊन मोकळे व्हायचे.

तासानंतर मॅडमनी वही उघडली. "सर, तुम्ही आज एकवीस प्रश्न विचारलेत. प्रत्येक वेळी उत्तराची वाट किती पाहिलीत, सांगा बघू."

"पाहिली असेल की दहा-पंधरा सेकंद."

"एक."

सरांनी कपाळाला हात लावला.

"गप्प बसलं की सरच सांगतात, हे मुलांना पक्कं ठाऊक आहे. मग कोण कशाला तोंड उघडेल?" असं म्हणून मॅडमनी माझी घडी घातली आणि मला सरांच्या हातात दिलं. "ही न्या. प्रश्न विचारला की हिच्यावर बसायचं. कोणी बोलल्याशिवाय उठायचं नाही."

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "दुसऱ्या ओळीतून ही तिसरी कशी आली?" आणि ते बसले. मी कुरकुरले, वर्ग खुदकन हसला. मग सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. पाच सेकंद होतात न होतात तोच सर काटा टोचल्यासारखे उठले आणि उत्तर सांगून मोकळे झाले! दुसऱ्या दिवशीही तेच. मला राग यायचा. अहो, टेका की जरा! पण सरही हट्टाला पेटले होते. रोज मला स्वतः उचलून आणायचे आणि किती वेळ तग धरला ते लिहून ठेवायचे. पाच सेकंद, अकरा, एकोणीस. उत्तर मात्र एकही नाही.

सत्र निम्मं सरलं. एके सकाळी त्यांनी पुन्हा तसाच प्रश्न विचारला आणि माझी नळी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. एक मिनिट झालं. पंख्याचा तेवढा आवाज. त्यांचे तळवे घामेजले होते, ते मला कळत होतं. शेवटी मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. सत्र सुरू झाल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती.

"सर, तिसरी ओळ राहू द्या. मला पहिलीच कळली नाही. आम्ही रोज उगाच हो म्हणतो."

आता सर चिडणार, म्हणून मीच धास्तावले. सर सावकाश उठले. त्यांचे डोळे भरले होते.

"बरं झालं बोललीस, बाळा. आणखी कोणाला नाही कळली?"

चाळीसएक हात वर आले. सरांनी अख्खा फळा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. त्या दिवशी वर्ग पाहायला येऊन मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मॅडमनी वही मिटली.

त्या सत्रात नापास मुलं बरीच कमी झाली आणि वर्ग सरांकडेच राहिला. पुढे मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या खोलीत अडगळीची खोकी आली आणि तिथे परत ठेवलेली मी मोडक्या पंख्यांखाली दोन वर्षं धूळ खात पडले. कापड उसवलं, बूच हरवलं. माझं आता कुणाला काम नाही, असं वाटून मला रडू यायचं.

मग एकदा दार उघडलं. धुळीने खोकत सर आत आले. त्यांच्या खिशात नवं बूच होतं. आता ते मला काखेत घेऊन नव्या प्राध्यापकांच्या वर्गात जातात आणि शेवटच्या रांगेमागे बसतात. गुडघे दुखतात, तरी बाकावर बसत नाहीत.

मित्रांनो, मला रंग नको, गादी नको. उसवले तर टाका घाला, एवढंच. आणि कोणी "समजलं का?" विचारलं, आणि समजलं नसेल, तर खोटं हो म्हणू नका. तुमच्या एका खऱ्या "नाही"ची वाट पाहत कोणीतरी माझ्यावर जीव मुठीत धरून बसलेलं असतं.